न पाहिलेल्या माकडांचे डॉक्टर

माकडांच्या आजारांवर संशोधन करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण जी माकडं आपण कधी पाहिली नाहीत, जी समुद्रापलीकडच्या एका केंद्रात राहिली आणि मी पहिलीत असतानाच मरूनही गेली, त्यांनी आज नीट खाल्लं का, याची रोज सकाळी साडेदहा वाजता काळजीने चौकशी करणारा माणूस जगात एकच होता, आणि तो कोल्हापुरात, आमच्या विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

मी त्यांना काका म्हणते. पहिल्या दिवशी सवयीने 'अंकल' म्हणाले होते, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "अंकल नगं. अंकल म्हटलं की कुनीतरी पार्किंगवरनं भांडायला आल्यागत वाटतंय." बाकीचा विभाग त्यांना 'डाक्टर' म्हणायचा. ते खरोखरच डॉक्टर होते, पण जनावरांचे. चंदगड तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांतून म्हशी-बैलांमागे उभा जन्म घालवून ते निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसं नातवंडांना शाळेत सोडायला जातात त्या वयात त्यांनी स्वतःच पीएच.डी.ला नाव घातलं. शाहूपुरीत पुतण्याकडे एक खोली घेतली, शनिवारी दुपारच्या एसटीने काकूंकडे गावी आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. आधीच डॉक्टर असलेला माणूस डॉक्टर व्हायला कशाला आला, हा विनोद विभागातल्या प्रत्येकाने एकदा तरी केला होता, आणि काका प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे इतक्या जोराने हसायचे की खालच्या मजल्यावरच्या मुख्य लिपिकांनी एकदा शिपाई वर पाठवून 'काय पडलं?' असं विचारलं होतं. खरं कारण विचारलं की म्हणायचे, "घरात बसून काय म्हशीचं दूध मोजू?" मी ते कारण बरेच दिवस खरं धरून चालले.

आमचं काम थोडक्यात असं होतं. माणसांत एड्स घडवणाऱ्या विषाणूचा एक भाऊबंद माकडांत असतो. आफ्रिकेतल्या काही जातींत तो पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करतो आणि त्या माकडांचं सहसा काही बिघडत नाही. तोच आशियातल्या माकडांत गेला की त्यांची प्रतिकारशक्ती ढासळते. या विषाणूत जनुकं मोजकीच. त्यातलं 'नेफ' नावाचं एक छोटं जनुक त्याला लपायला मदत करतं. ज्या पेशीत विषाणू शिरलाय तिच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा ते आत ओढून घेतं, त्यामुळे शरीरात गस्त घालणाऱ्या पेशींना ती बिघडलेली आहे हे समजत नाही. मग हे जनुक मोडलं तर आजार थांबतो का, हा प्रश्न. परदेशातल्या त्या केंद्राने पूर्वी काही माकडांना धड विषाणू टोचला होता आणि काहींना नेफ मोडलेला. त्यातल्या अठरा माकडांच्या रक्तातल्या विषाणूंची अक्षरं आणि तब्येतीचे कागद आमच्या मॅडमनी, म्हणजे आम्हा दोघांच्या मार्गदर्शक बाईंनी, मागवून घेतले होते. अक्षरं माझ्याकडे, तब्येत काकांकडे. कुठल्या माकडाला कुठला विषाणू टोचला हे फक्त तब्येतीच्या कागदांवर, तेही शेवटच्या पानावर होतं आणि मला ते मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. अक्षरं वाचणाऱ्याचं मन आधीच कुणीकडे झुकू नये, ही मॅडमची शिस्त.

काकांच्या हाती ते कागद पडले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या माकडांचे केसपेपर काढले. दवाखान्यात म्हशीचा काढतात तसे. जाड पुठ्ठ्याची फाइल, वर क्रमांक, खाली तक्रार, भूक, वजन, विष्ठा, गाठी आणि शेरा. क्रमांकाने हाक मारणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी प्रत्येक माकडाला आपल्या नोकरीतल्या एकेका गावाचं नाव दिलं: हेरे, तुडये, कोवाड, नागनवाडी. आणि वाचायची पद्धत अशी की एका दिवसाची नोंद एका दिवसातच वाचायची. पान उलटून पुढे काय झालं ते बघायचं नाही. शेवटचं पान तर नाहीच. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, ही सगळी माकडं केव्हाच गेलीत. शेवट बघितला तर निदान काम तरी लवकर होईल." ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून तिरडीचा भाव विचारला होता. "शेवट आधी बघितला की मधलं सगळं त्या शेवटाकडं चालल्यागत दिसतंय, पोरी. जनावर आज कसं हाय ते आजच बघायचं." त्यामुळे ज्या कामाला दुसऱ्या कुणाला तीन महिने लागले असते त्याला काकांना वर्षं लागली. मॅडम सुरुवातीला चिडल्या, मग थकल्या, आणि शेवटी त्याही जाता येता विचारू लागल्या, "कोवाड कसं आहे आज?"

या नावांनी एकदा घोटाळा केला. काका सकाळी कॅन्टीनमध्ये शिरले तेच चेहरा पाडून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हेरं गेलं!" कॅन्टीनचा मालक नेमका हेऱ्याचा. त्याच्या हातातली चहाची गाळणी पातेल्यात पडली.

"काय झालं ओ डाक्टर? धरन फुटलं काय?"

"धरन कशाला फुटंल? चार दिवस जुलाब, अन्नावरची वासना उडाली, सकाळी खलास."

"समदं गाव?"

"गाव न्हवं ओ पावणं, माकड!"

आपल्या गावाचं नाव माकडाला ठेवलंय आणि ते माकड मेलंही, हे समजल्यावर मालकाने दोन दिवस काकांच्या चहात साखर घातली नाही. तिसऱ्या दिवशी काका त्याच्या गल्ल्यापाशी जाऊन उभे राहिले. "हे बघा, आजवर जी गेली त्यात सगळ्यात जास्त दिवस लढलं ते हेरं. कोवाडनं हेच्या निम्मंबी काढलं न्हाय." मालक विरघळला. पुढे कोवाडच्या एका मुलाने तिथे चहा मागितला तेव्हा त्याच्याकडे बघून तो गालातल्या गालात हसला, आणि त्या बिचाऱ्याला आपण कशात हरलो ते शेवटपर्यंत समजलं नाही.

केंद्राला पत्रं लिहिण्याचंही त्यांना वेड होतं. परदेशी शास्त्रज्ञांना लोक विचारतात त्या प्रश्नांत काकांना रस नव्हता. तुडये नावाच्या माकडिणीच्या उजव्या काखेत गाठ वाढल्याची नोंद होती, त्यावरून त्यांनी ईमेल लिहिली: ही कुठल्या हाताने खायची? मी ती ईमेल पाठवू नका म्हणून विनवलं. आपल्याला कुणी हसेल ही माझी कायमची भीती. शाळेत डायरीत रिमार्क येऊ नये म्हणून दहा वर्षं मी हात वर केला नव्हता. काकांनी पाठवलीच. दोन आठवड्यांनी तिथल्या एका निवृत्त रखवालदाराचं उत्तर आलं. ती डावखुरी होती, आणि द्राक्ष आधी सोलायची, मग खायची. काकांनी ते उत्तर तीनही मजल्यांवर वाचून दाखवलं आणि केसपेपरात लाल शाईने नोंद केली, 'द्राक्ष सोलून खाते.' वर्तमानकाळात.

शिवाय चंदगडहून फोन यायचे. निवृत्त झाले तरी तालुका त्यांना सोडायला तयार नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत, जिथे मी कीबोर्डसुद्धा हळू दाबायची, तिथे काका फोन कानापासून वीतभर लांब धरून ओरडायचे, "शेपूट वर घेतीया काय? न्हाय? मग कान हातात धर. गार लागतोय? अरं तुझा न्हवं, म्हशीचा कान!" सेमिनारमध्येही त्यांचा आवाज असाच. मला शंका आली की मी ती त्यांच्या कानात कुजबुजायची आणि ते उठून सगळ्या सभागृहाला ऐकवायचे. त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांचा समज व्हायचा की मागे बसलेले हे गृहस्थ फार खोल विचार करतात. एकदा एका पाहुण्यांनी कौतुक केलं तेव्हा काका म्हणाले, "ही शंका माझी न्हाय, हिची हाय. मी निस्ता भोंगा." चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यांना ते जाणवलंच नाही, कारण एरवीही मी फारसं बोलत नव्हते.

हे सगळं सांगितलं कारण पुढचं सांगायचं आहे.

माझी दोन वर्षं भरत आली होती. दोन वर्षांनी समिती बसते. तिने काम बघून पुढे जाऊ दिलं तर ठीक, नाहीतर नोंदणीच रद्द होऊ शकते. मी निश्चिंत होते. पहिल्या वर्षी याच समितीपुढे, मॅडमनी दिलेल्या आजारपणाच्या तारखांशी जुळवून, मी माझा तक्ता मांडला होता: काही माकडांत नेफ सुरुवातीपासून धड असूनही ती उशिरा आजारी पडली, म्हणजे या जनुकाचा आजारावरचा प्रभाव मानतात तितका नसावा. समितीने माना डोलावल्या होत्या. काकांनीही आपला प्रबंध त्याच तक्त्यावर बेतला होता. तब्येतीचं शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय अक्षरांच्या फायली स्वतः उघडायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. त्यामुळे त्यांनी माझा तक्ता माझ्या शब्दावर घेतला होता. समितीला नऊ दिवस राहिले असताना त्यांचं शेवटचं माकड संपलं आणि त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाकडे ओढली.

"पोरी, तुडयेचा पहिला नमुना काढ की जरा."

मी काढला.

"ह्यात नेफ धड दिसतंय."

"हो."

"तिला टोचलेला विषानू मोडका हुता. नेफच्या मधोमध एक अक्षर बदलून थांबा घातलेला. हे बघ, शेवटच्या पानावर लिवलंय. मग पंधरा दिवसांनी काढलेल्या रक्तात ते धड कसं?"

मला विसरलेली एक दुपार आठवली. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचतात आणि त्यातले काही गट म्हणजे 'इथे थांबा' असा हुकूम असतो. दोन वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच महिन्यात, सहा माकडांच्या पहिल्या नमुन्यात नेफच्या मधोमध मला असा हुकूम दिसला होता: टी, ए, ए. मोडलेलं जनुक म्हणजे तुकडा कापून काढलेलं, असंच मी धरून चालले होते. तशी माकडंही यादीत होती आणि ती मी बरोबर ओळखली होती. एका अक्षराने मोडता येतं हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, मशिनने चूक केली. मॅडमना विचारायचं तर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन चार वाक्यं बोलायला हवी होती. त्यापेक्षा पुस्तकातलं धड जनुक शेजारी ठेवून मी सहाही ठिकाणी 'टी'च्या जागी 'जी' लिहिलं. एका दुपारचं काम. कुणाला सांगितलं नाही आणि नंतर स्वतःही विसरले.

"तपासते," मी म्हणाले.

"तपास," काका म्हणाले आणि खुर्ची मागे नेली.

दोन दिवस मी तपासत असल्याचं दाखवलं. खरं म्हणजे मी वाटा शोधत होते. फाइल खराब झाली म्हणता आलं असतं. समिती उरकू द्यावी आणि मग हळूच दुरुस्त करावं, असंही करता आलं असतं. माझा बदल कुणालाच माहीत नव्हता. काकांनी दोन दिवसांत एकदाही विचारलं नाही. मॅडमना काही बोलले नाहीत. रोज दुपारी पायऱ्यांवर बसून डबा उघडायचे आणि भाकरीचा चतकोर माझ्याकडे सरकवायचे तेवढं सरकवत राहिले. तिसऱ्या दिवशी तो चतकोर हातात असतानाच मी म्हणाले, "काका, ते मी बदललं होतं."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तू 'तपासते' म्हनलीस तवापासनं. म्हस कुठल्या पायानं लंगडतीया ते तिच्या मागनं चार पावलं चाललं की कळतंय."

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि निराळंच बोलायला लागले. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. डोंगरातल्या एका वाडीवर त्यांनी जनावरांना लस टोचली. कमजोर केलेल्या विषाणूची. तिसऱ्या दिवशी एका बाईची रेडी मेली. बाई दोन तास चालत दवाखान्यात आली. भांडली नाही. नुसतं विचारलं, "डाक्टर, सुईनं गेली काय वो माझी रेडी?"

"मी म्हनलं, छ्या! सुईचा काय संबंध? आता लसीनं तालुक्यातली हजारो जनावरं वाचल्यात, ते मी आजबी कुनाच्याबी तोंडावर सांगीन. त्या रेडीचंबी बहुतेक दुसरंच कायतरी असंल. पन मी ती फाडून बघितली न्हवती. बाटलीत काय असतंय, कमजोर केलेलं परत उठतंय काय, त्यातलं मला एक अक्षर म्हाईत न्हवतं. आनि म्हाईत असल्यागत सांगितलं. बाई हात जोडून गेली." त्यांनी हात झटकले. "रिटायर झालो तवा सगळं हातावेगळं झालं हुतं. हे एक सोडून."

घरात बसून म्हशीचं दूध मोजू का, असं म्हणणारा माणूस इथे कशासाठी आला होता ते मला तेव्हा समजलं. कमजोर केलेला विषाणू परत उठतो का, याचं उत्तर त्या सहा नमुन्यांत होतं आणि ते मी एका दुपारी पुसलं होतं.

"मॅडमला कोन सांगनार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल का?"

"मी शेजारी बसतो. तोंड तू उघडायचं."

मॅडमच्या केबिनमध्ये मी चार नाही, सात वाक्यं बोलले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मूळ नोंदी आहेत?"

"आहेत."

"त्यांना हात लावलास?"

"नाही. फक्त माझ्या फाइलीत बदललं."

"समितीची तारीख पुढे जाणार नाही. सहा दिवस आहेत. रडायचं ते नंतर."

"रडत न्हाय ती, मॅडम," काका म्हणाले, "घाम आलाय."

त्या सहा दिवसांत आम्ही अठराच्या अठरा माकडांचे सगळे नमुने पहिल्यापासून वाचले. फक्त ती सहाच वाचू, असं मी सुचवून बघितलं. काका म्हणाले, "एक पाय मोडलाय म्हनून बाकीचे तीन बघायचे न्हाईत काय?" ते पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायचे आणि मी लिहून घ्यायची, मग अदलाबदल, मी वाचायची आणि ते लिहायचे. माझा आवाज त्यांना ऐकू जाईना. "जी म्हनलीस का टी? कंडक्टर असतीस तर गाडी बेळगावला गेली असती." दुसऱ्या दिवसापासून मी इतक्या मोठ्याने वाचायला लागले की खालचे मुख्य लिपिक या वेळी स्वतःच वर आले. काकांनी त्यांना बसवून चंदगडचे काजू खायला दिले आणि वाचन चालू ठेवायची मला खूण केली. लिपिकसाहेब अर्धा तास अक्षरं ऐकत बसले आणि जाताना एवढंच म्हणाले, "दार तरी लावून घ्या."

मशिन अक्षरांच्या रंगीत टेकड्या काढतं, प्रत्येक अक्षराला एक रंग. तुडयेच्या पहिल्या नमुन्यात टी, ए, ए. स्वच्छ. दुसऱ्या नमुन्यात त्याच जागी दोन रंगांच्या टेकड्या एकमेकींवर चढलेल्या, म्हणजे दोन्ही तऱ्हेचे विषाणू एकाच रक्तात. दोन वर्षांपूर्वी मी याला घाण समजून दुर्लक्ष केलं होतं. तिसऱ्या नमुन्यात थांबा नाही. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करत राहतो. त्यातल्या ज्याच्याकडून चुकून ते अक्षर दुरुस्त झालं त्यालाच लपता आलं, म्हणून तोच वाढला आणि बाकीचे मागे पडले. सहाही माकडांत तेच, फक्त कुणात लवकर, कुणात उशिरा. आणि ती आजारी पडली ती त्यानंतर. ज्यांच्या विषाणूतून तुकडाच कापला होता त्यांच्यात दुरुस्त व्हायला काही उरलंच नव्हतं, आणि ती बहुतेक माकडं बरीच वर्षं नीट राहिली. मी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट. त्या एवढ्याशा जनुकावाचून विषाणूचं इतकं अडत होतं की ते दुरुस्त झाल्याशिवाय तो पुढे सरकला नव्हता.

काका तुडयेच्या तिसऱ्या नमुन्याकडे बघत राहिले. त्यांनी त्या टेकडीवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाले, "उठलाय. बसवला हुता, उठलाय."

समितीपुढे माझं पहिलं वाक्य होतं, "गेल्या वर्षी मी इथे जे सांगितलं ते चुकीचं होतं, आणि ती चूक माझ्या हातची आहे." ते वाक्य मी मनात घोकून गेले नव्हते. बाहेरगावाहून आलेल्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हाही तुम्ही ठामपणे बोलला होतात. आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका, सर. मूळ नोंदी आणल्या आहेत. कुठलंही माकड निवडा, इथेच वाचून दाखवते."

त्यांनी निवडलं. मग आणखी एक निवडलं. मी तासभर उभी राहून वाचत होते, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असं. शेवटच्या रांगेत काका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि त्यांनी एकदाही माझ्याकडे बघून मान हलवली नाही. निकाल लगेच लागला. नोंदणी राहिली, पण पुढे जाऊ दिलं नाही. सगळं नव्याने मांडून सहा महिन्यांनी परत यायचं. बाहेर आले तर काका दिसेनात.

"दुपारची चंदगड गाडी धरायला गेले," मॅडम म्हणाल्या.

"आज तर बुधवार आहे."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुला माहीत नाही? त्यांची मुदत चार महिन्यांत संपते. दोनदा वाढवून झाली, आता वाढत नाही. सगळा प्रबंध तुझ्या जुन्या तक्त्यावर उभा होता. नव्याने लिहायला त्यांच्या चालीने वर्ष तरी लागेल. फक्त शेवटचं माकड संपायचं राहिलं होतं. छापायला टाकू का, असं त्यांनी मला मागच्या महिन्यातच विचारलं होतं."

म्हणजे त्या दुपारी खुर्ची माझ्याकडे ओढून 'तुडयेचा पहिला नमुना काढ' म्हणाले तेव्हा ते काय पणाला लावत होते, हे त्यांना माहीत होतं. पायऱ्यांवर बसून रोज चतकोर सरकवत होते तेव्हाही.

ते परत आले ते फक्त टेबल रिकामं करायला, आणि मी नेमकी त्या दिवशी रजेवर होते. चार महिने गेले. त्यांचं नाव विभागाच्या यादीतून निघालं. सहा महिन्यांनी समितीने मला पुढे जाऊ दिलं. त्या दुपारी मी त्यांना फोन लावला. मी फोनवर बोलायचं टाळते, पण लावला. पलीकडे म्हशी हंबरत होत्या.

"सुटलीस न्हवं?" त्यांनी आधीच विचारलं.

"हो. काका, तुमची मुदत संपत होती हे मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस. माझ्यासाठी. आनि वर त्याला पुन्य म्हनली असतीस."

ते खरं होतं. मी गप्प बसले असते, आणि आपण किती चांगलं वागलो असंच मला जन्मभर वाटलं असतं. तेवढ्यात पलीकडे त्यांना कुणीतरी हाक मारली. 'आलो, आलो' म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला, बंद न करताच. मीही ठेवला नाही. बराच वेळ ऐकत उभी राहिले. चिखलातून चालणारे बूट, गोठ्याचं कुरकुरणारं दार, मग एका बाईचा काळजीतला आवाज, "काय झालंय वो हिला, डाक्टर?" आणि काकांचा, नेहमीपेक्षा खूप हळू:

"अजून म्हाईत न्हाय, बाई. आधी बघू तरी दे."